भुताच्या बंगल्याचा दारवान

स्वतःच्याच घराच्या दारावर तीनदा टकटक करून आत येणारा माणूस अख्ख्या म्हसवडात एकच होता, आणि तो म्हणजे दस्तगीर शिकलगार. दार सताड उघडं असलं तरी तो टकटक करायचा. आत चुलीपुढं बसलेली जरिना त्याला दिसत असायची, तिलाही तो दिसत असायचा, तरी हा गडी चौकटीवर बोटाच्या पेरानं वाजवणार, ती ‘या’ म्हणणार, मगच पाऊल आत. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

“आगं जरिना, तुजा दादला सोताच्या घरात पावना हाय का काय?”

“हसा बायांनो, हसा. तुमचं बैलावानी घुसत्यात, माजा इचारून येतो.”

वरून ती असं ठणकावून सांगायची खरी, पण मनातून तिलाही ती टकटक नकोशी वाटायची. ती कुठून आली हे तिला ठाऊक होतं, आणि जिथून आली तिथं तिला कधी पाऊल टाकता आलं नव्हतं.

त्याचं असं झालं. माण तालुक्यात पाऊस थोडा आणि खाणारी तोंडं फार. शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं गाळायच्या धंद्यावर मुलूखभर पांगलेली. गलाईवाले म्हणतात त्यांना. सराफाकडचं मोडीचं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांतला जोतीराम नावाचा एक जण म्हैसूर मुलखात, कोलारकडच्या सोन्याच्या खाणीवर जाऊन बसला होता. एकदा गावी आला तेव्हा त्यानं सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव हिंडणाऱ्या तरण्या दस्तगीरला हेरलं.

“चल माज्यासंगं. तितं सायेब लोक लय. सायबाला रोज दाढी लागती आन रोज मटान लागतं. वस्तरा बोथट व्हतो आन सुरी बी बोथट व्हती. तू काय उपाशी मरत न्हाईस गड्या.”

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. दस्तगीरनं धारेचं चाक आणि नवी नवरी, दोन्ही बरोबर घेतलं आणि तो आगगाडीत बसला.

सोन्याच्या खाणीच्या गावात जरिनाला सोनं काही दिसलं नाही. दिसले ते खाणीतून उपसलेल्या राखाडी मातीचे डोंगर आणि ओळीनं मांडलेल्या पत्र्याच्या खोल्या. माणसं तमीळ बोलायची, तेलुगू बोलायची, कानडी बोलायची. पाणी मागायचं तर हातानं ओंजळ करून दाखवावी लागे. त्या गावाच्या टोकाला, साहेबांच्या क्लबाच्या पलीकडं, एक बंगला होता. खिडक्या बारा महिने बंद. दारावर गवंड्याचा काटकोन मापायचा गुण्या आणि वर्तुळ काढायचा कंपास एकमेकांत अडकवून बसवलेले. मजेची गोष्ट अशी, की दारावर गुण्या असूनही आत जाणाऱ्यांत एकही गवंडी नव्हता. खाणीचे इंजिनेर, डॉक्टर, बँकेचा मॅनेजर असली बडी मंडळी काळे कोट घालून महिन्यातून एकदा संध्याकाळी आत जायची आणि दार लावून घ्यायची. स्वतःला ती फ्रीमेसन म्हणवायची. मूळचा म्हणे तो विलायतेतल्या दगड घडवणाऱ्या गवंड्यांचा भाईचारा. पुढं गवंडी गेले आणि हत्यारं तेवढी राहिली. ओळंब्यासारखं सरळ वागावं, एकमेकांशी पाणसळीत, म्हणजे एका पातळीत राहावं, असा त्या हत्यारांचा अर्थ लावून हे साहेब एकमेकांना भाऊ म्हणायचे. आत गेल्यावर कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही, हा तिथला कायदा. सुरुवातीला मात्र काळ्या माणसाला आत घेत नसत. म्हणजे पाणसळीतला बुडबुडा बरीच वर्षं एका बाजूलाच बसलेला होता म्हणायचा.

खाणीतल्या मजुरांना असल्या कायद्यांशी काय देणंघेणं! त्यांनी त्याचं नाव ठेवलं भुताचा बंगला. आत कवटी आहे, शवपेटी आहे, नव्या माणसाच्या छातीला सुरी लावतात, असं जो तो सांगायचा. पाहिलेला कुणी नव्हता.

त्या बंगल्याच्या बंद दाराबाहेर नागवी तलवार घेऊन एक दारवान उभा राहायचा. आत बैठक चालू असेतो परका माणूस आत जाऊ नये म्हणून. कुणी उशिरा आलं तर दारवान दारावर तीनदा टकटक करायचा, आणि आतून होकार आला तरच दार उघडायचं. त्या तलवारीला गंज चढला तेव्हा ती दस्तगीरकडं आली. त्यानं ती अशी चकचकीत करून दिली, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पुढं तो म्हातारा दारवान वारला, आणि साहेबांना तलवारीबरोबर तलवारीवाला आठवला. पण दारवान झाला तरी तो त्यांच्यातलाच हवा, असा त्यांचा रिवाज होता. म्हणून एका संध्याकाळी दस्तगीरला आत घेतलं, शपथ दिली आणि तलवार हातात देऊन बाहेर उभं केलं. तो पुढं जवळजवळ तीस वर्षं बाहेरच उभा राहिला.

तो घरी आल्या आल्या जरिनानं विचारलं, “आत काय केलं तुमाला?”

“सांगता येत न्हाई.”

“मला सुदिक?”

“शपत घातलीया जरिना.”

ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. लोकांना वाटेल, बाईच ती, हिच्या पोटात गोष्ट कशी पचायची! तसं नव्हतं. तिला कवटीत गोडी नव्हती आणि शवपेटीतही नव्हती. ज्या मुलखात आपली भाषा बोलणारं दुसरं कुणी नाही, तिथं नवरा हेच तिचं गाव होतं, वेस होती, आणि विहिरीवरचा पाणवठाही तोच होता. त्या गावात आता एका खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्याकडं नव्हती, हे तिला लागलं. ती दर वर्षी-दोन वर्षांनी विचारायची. तो दर वेळी मान खाली घालायचा. या एका गोष्टीपलीकडं त्यानं तिच्यापासून विडीची थोटकंही लपवली नाहीत.

बंगल्याचं एक काम मात्र तिच्या वाट्याला आलं. आत बसणारे सगळे पांढरे हातमोजे घालायचे, आणि ते धुवायला दस्तगीर घरी आणायचा. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी जरिनाच्या तारेवर नुसते पंजेच पंजे. वारा सुटला की सगळे हात हलायचे आणि येणारी-जाणारी पोरं त्यांना सलाम ठोकायची. कुठला पंजा कुणाचा हे तिला नाव न वाचता कळायचं. एका इंजिनेराची करंगळी खाणीत तुटलेली. त्याच्या मोज्याचं ते बोट रिकामं लोंबायचं. जरिनानं ते आत दुमडून टाचून दिलं, तर त्याच्या मडमेनं पोटुशा जरिनासाठी लोकरीची शाल पाठवली. पुढं झालेली नूरजहां त्याच शालीत वाढली.

बंगल्याचा इतिहास कुणी लिहिला असेल तर असेल, जरिनानं तो तारेवर पाहिला. इंग्रजाचं राज्य गेलं आणि ते लांबलचक पंजे एकेक करून कमी झाले. त्यांच्या जागी तमीळ डॉक्टरांचे, पारशी ठेकेदारांचे, कानडी मास्तरांचे बेताचे पंजे आले. मग खाण सरकारजमा झाली. सोनं आणखी खोल गेलं, माणसं आणखी थोडी राहिली आणि तार रिकामी होत गेली. अखेर उरलेल्या मंडळींनी बंगल्याला टाळं लावून बंगलोरच्या भाऊबंदांत जायचं ठरवलं. दस्तगीरनं तलवार घासूनपुसून परत केली, आणि दुष्काळ सरल्यावर, चौऱ्याहत्तर साली, बायको आणि लेक घेऊन तो म्हसवडला आला. धाब्याचं दोन खणांचं घर होतं, त्यात राहिला. एसटी स्टँडजवळ पुन्हा धारेचं चाक मांडलं. बाकी सगळं सोडून आला, पण सवयी मात्र सगळ्या बरोबर आल्या.

नूरजहां लग्नाची झाली होती. तासगावच्या बादशहाभाई शिकलगारांचा मुबारक सांगलीत कारखान्यात फिटर होता. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं. तेव्हापासून नूरजहां पाणी भरताना गुणगुणायला लागली, आणि आईला जे कळायचं ते कळलं. परक्या मुलखात वाढलेली, मराठी जरा हेल काढून बोलणारी पोर. गावातल्या दोन ठिकाणांनी आधीच नाक मुरडलं होतं. हे स्थळ जमावं म्हणून जरिना दर नमाजाला तेवढंच मागत होती.

सिद्धनाथाच्या रथाची जत्रा झाली आणि पुढच्या जुम्म्याला तासगावची मंडळी बोलणी पक्की करायला आली. बादशहाभाई, त्यांची बायको, मुबारक आणि एक चुलता. शेजारचे नानासो माने मध्यस्थ म्हणून बसले. नानासो पलटणीतून हवालदार होऊन आलेले. माणूस दिलदार, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, शेवयांची खीर असा बेत होता. पानं वाढली. पाहुणे बसले. आणि यजमान दस्तगीर उठला, बाहेर गेला, आणि त्यानं दार ओढून घेतलं.

आत भाकरी मोडायची कुणी? बादशहाभाई वाट बघत बसले.

“भाबी, आमचं याही कुटं ग्येलं?”

पडद्याआडून जरिना म्हणाली, “भाईर हायत. तुमी घ्या जेवून.”

“त्यांच्याबिगर कसं घ्यायचं?”

बराच वेळ झाला. रश्श्यावरचा तवंग थिजला. शेवटी बादशहाभाईंनी उठून दार उघडलं, तर दस्तगीर दाराकडं पाठ करून ताठ उभा. हातात छत्री, तलवारीसारखी छातीशी सरळ धरलेली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

“आवं, ह्ये काय? आमी जेवाय आलोय का कैदंत बसाय?”

दस्तगीर गोंधळला. मोठी माणसं आत बसली की आपण दाराबाहेर उभं राहायचं, यापरता मान त्याला ठाऊकच नव्हता. आयुष्यातला सगळ्यांत मोठा पाहुणा घरी आला म्हणून त्यानं सगळ्यांत मोठा मान दिला होता. पण हे समजावून सांगायला त्याच्या जिभेला कधी धारच नव्हती.

नानासोंनी सावरायला म्हणून तोंड उघडलं. “आवं भाई, मनाला लावून घिऊ नगा. त्याची जुनी सवं हाय ती. सोन्याच्या खानीवर भुताचा बंगला व्हता, तितला दारवान व्हता त्यो.”

“भुताचा बंगला?”

“फ्रीमेसन म्हंत्यात. आमच्या पुन्याच्या क्यांपात बी व्हता की. आत कवटी ठिवत्यात. शपत घेत्यात. बोकाड कापून रगतात हात बुडवत्यात म्हनं!” नानासोंना आपण काय करून बसलो ते वाक्य संपल्यावर कळलं. आग विझवायला निघालेला माणूस रॉकेलचा डबा घेऊन पोहोचला होता.

बादशहाभाई परत पानावर येऊन बसले आणि त्यांनी हात आखडून घेतला. माणूस वाईट नव्हता, पण पापभीरू होता. “दस्तगीरभाई, लेक तुमची चांगली हाय, माझ्या पोराच्या मनात बी भरलीया. पर माझ्या घरात इनारी पोरगी कंच्या घरची हाय, ह्ये मला कळाय पायजे. आत काय चालायचं तेवडं सांगा. न्हाईतर आमी उटतो.”

“सांगता येत न्हाई भाई. शपत हाय.”

“लेकीपरास शपत मोटी?”

पडद्याआड नूरजहांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मुबारक ताटात बघत बसला होता. दस्तगीर म्हणाला, “लेकीसाटी माजा जीव मागा, आत्ता देतो. पर शबूद दुसऱ्याला दिऊन बसलोय. त्यो आता माजा न्हाई, त्यो कसा दिऊ?”

जरिनाला आधी संताप आला. टाळं लागलेल्या बंगल्याला कसलं इमान दाखवायचं! दोन शब्द बोलला तर पोरीचा संसार उभा राहतोय! तिनं पडद्याच्या फटीतून नवऱ्याकडं बघितलं. छत्री अजून छातीशी होती आणि डोळे पाण्यानं भरले होते. आणि तिला वाटलं, ज्या शब्दावर आपण तीस वर्षं जळलो तो बंगल्याचा नव्हताच. तो शब्द म्हणजेच हा माणूस. आज तो मोडला तर लेकीचं लग्न होईल, पण या घरात जो दस्तगीर उरेल त्याला आपण ओळखणार नाही. तिला त्याची दया आली, आणि दयेपेक्षा जास्त प्रेम आलं.

तिनं पडदा सारला. “मी सांगते.”

“तुमाला काय म्हाईत भाबी?”

“त्यांस्नी शपत हाय, मला कुनी घातलेली न्हाई. तीस वर्सं त्या मान्सांचं हातमोजं धुतल्यात मी. कुनाचं तोंड खोटं बोलंल, धुनं खोटं बोलत न्हाई.” तिनं बादशहाभाईंच्या बायकोकडं बघितलं. “तुमीच सांगा आक्का, रगताचा डाग बाईला वळखू येत न्हाई व्हय? थंड पान्यात भिजवावं लागतं, तरी पिवळी कड ऱ्हाती. त्या मोज्यांवर एकदा बी रगत न्हवतं.”

“खरं हाय त्ये,” बादशहाभाईंची बायको मान डोलवत म्हणाली. “डाग न्हाई लपत.”

“मग काय आसायचं?” बादशहाभाईंनी विचारलं.

“शाई आसायची. मेनबत्तीचं मेन आसायचं. येकमेकाचं हात धरून बसत आसत्याली, तळव्याला तसा मळ आसायचा. आन म्हैन्याच्या म्हैन्याला तांब्याच्या पैशाचा हिरवा डाग आसायचा, म्हंजी पैसं गोळा करायचं. खानीत मान्सं मेली की त्यांच्या बायकांच्या घरी धान्य जायाचं, त्ये कुटनं जायाचं मग?”

इथवर तिनं पाहिलेलं आणि ताडलेलं सांगितलं. बादशहाभाईंचा चेहरा सैल झाला होता. पण ऐकता ऐकता माणूस लहान पोरासारखा होतो. ते म्हणाले, “आन मग? शेवटाला काय करायचं?”

शेवटाचा डाग कुठल्याच मोज्यावर नव्हता. जरिनाची गाडी तिथं अडली. आता थांबलं तर सगळंच खोटं वाटेल. लांबलांबच्या मुलखांतून आलेली माणसं, पोटासाठी जमिनीच्या पोटात उतरणारी. ती उठताना काय म्हणत असतील? तिला दुसरं काही सुचेना, तेव्हा तिच्या स्वतःच्या काळजात जे होतं तेच तोंडातून आलं.

“शेवटाला समदी हुबी ऱ्हायाची. आन म्हनायची, आपल्यातलं ज्ये कुनी गरीब हायत, अडचनीत हायत, जिमिनीवर आसूंद्यात न्हाईतर दर्यावर, त्यांची अडचन सुटू दे. आन ज्याला आपल्या मुलकाला परत जायाचं आसंल, त्यो सुकरूप घरला पोचू दे.”

खाली काहीतरी पडलं. दस्तगीरच्या हातातली छत्री. त्यानं ती उचलली नाही. तोंड भिंतीकडं करून तो उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते.

बादशहाभाईंचा थोरला भाऊ तरुणपणी आगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता तो परत आला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच ‘आमीन’ म्हणाले. मग उठले, दस्तगीरचा दंड धरून त्याला आत आणलं आणि आपल्या ताटावर बसवलं. “शबूद पाळनाऱ्याच्या घरची पोरगी हाय, आनकी काय बगायचं? भाबी, साकर काडा.” नानासोंनी साखरेची सगळ्यांत मोठी चिमूट घेतली, बहुधा तोंड बंद ठेवायला.

दुपारच्या गाडीनं मंडळी गेली. नूरजहां मैत्रिणीकडं पळाली. परसात जरिना भांडी घासायला बसली, तर दस्तगीर येऊन तिच्या समोर दगडावर बसला.

“जरिना, त्ये शेवटचं तुला कुनी सांगितलं?”

तो बोलून गेला आणि आपण कबुलीच देऊन बसलो हे त्याचं त्यालाच कळलं. तीस वर्षं सांभाळलेलं भांडं हातातून निसटावं तसा त्याचा चेहरा झाला.

जरिनाचे हात राखेत तसेच थांबले. “कुनी सांगतंय? माजंच हाय त्ये. तुमी तलवार घिऊन गेलासा की दारात बसून म्हनायची. म्हसवड आटवायचं, आय आटवायची. तमीळ येत न्हवतं, तेलगू येत न्हवतं, येवडंच येत व्हतं.”

दस्तगीरनं तिचा राखेनं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. तिला मोठ्यानं रडू आलं आणि तिनं ते अडवलं नाही. ज्या बंद खोलीत आपल्याला जागा नाही म्हणून ती आयुष्यभर झुरली, त्या खोलीत दर महिन्याला काळे कोट घातलेली माणसं उभी राहून तिचंच मागणं मागत होती.

डोळे पुसून ती म्हणाली, “भिऊ नगा. तुमी काय सांगितलं न्हाई आन मी काय ऐकलं न्हाई.”

त्यानंतर तिनं त्याला बंगल्याचं कधी विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.